पहिली वस्तू पायपुसणंच करा: टाकाऊ सामानातून कामाच्या वस्तू, नवीन शिकणाऱ्यांसाठी

आमच्या आज्जीच्या ट्रंकेत एक वाकळ होती, तिच्यात तिची तीन लुगडी, आजोबांची दोन धोतरं आणि बाबांच्या शाळेच्या खाकी चड्डीचं कापड होतं. ती वाकळ आम्ही अजून पांघरतो, पावसाळ्यात तर ब्लँकेट बाजूला पडतं आणि वाकळीवरनं भांडणं होतात. आणि शाळेत मी टाकाऊतून टिकाऊच्या तासाला आईस्क्रीमच्या काड्यांचं घर केलं होतं, ते शोकेसमध्ये धूळ खाऊन दोन वर्षांत कचऱ्यात गेलं. हा फरक मला लई उशिरा कळला. आज्जीनं वाकळ शिवली कारण घरात पांघरूण पाहिजे होतं आणि जुनं कापड पडून होतं, मी घर केलं कारण काहीतरी करून दाखवायचं होतं. म्हणून नवीन शिकणाऱ्यांना मी आधी एकच सांगते, घरात रोज वापरात येईल अशीच वस्तू पहिली करा. ती सुंदर नंतर करता येते, हात बसला की आपोआप सुंदर होत जाते.

दुसरं म्हणजे सामान विकत आणायला पळू नका. बऱ्याच जणी पहिल्याच दिवशी विचारतात ताई ग्लू गन कुठली घेऊ, कलर कुठले घेऊ. काही घेऊ नका. आधी आठ दिवस फक्त आपला सुका कचरा बघा.

आठ दिवसांचं पोतं

एक रिकामं पोतं घ्या आणि घंटागाडीत टाकायचा सुका कचरा आठ दिवस त्यात साठवा. ओलं नको, वास मारतो. आठवड्यानं जमिनीवर पेपर पसरून सगळं ओता आणि वेगवेगळे ढीग करा. आमच्या घरात रोज दुधाच्या दोन पिशव्या येतात म्हणजे महिन्याला साठ, ते मला ढीग बघेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. तुमच्याकडं कदाचित रद्दी जास्त निघेल, शिवणकाम करणारी कोण असेल तर चिंध्या, घरी नारळ जास्त लागत असतील तर करवंट्या. जो ढीग सगळ्यात मोठा तो तुमचा माल. सुरवातीचे दोन-तीन महिने त्या एकाच मालावर काम करा, कारण प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा असतो, कागद ओला केला की मऊ पडतो आणि वाळला की आकसतो, चामडं ताणलं की ताणलेलंच राहतं, प्लास्टिकला फेविकॉल धरत नाही. हे वाचून कळत नाही, हाताला कळावं लागतं, आणि रोज नवीन व्हिडिओ बघून रोज नवीन माल धरला तर हाताला काहीच कळत नाही.

बाहेरून माल लागला तर भंगारवाल्याकडनं किलोवर विकत घ्या. कोंडाळ्यात हात घालू नका, एकतर काचा सुया असतात आणि दुसरं म्हणजे तिथलं वेचून विकणाऱ्या बायकांचं पोट त्यावर चालतंय, त्यांच्या हातचं आपण फुकट उचलायचं नाही.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. ट्यूबलाइट आणि सीएफएल बल्ब नको कारण आत पारा असतो. बॅटऱ्या, औषधांच्या सुया, सिमेंटचे जुने पत्रे नकोत, त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि कापताना त्याची धूळ छातीत जाते. आणि आपल्या कोल्हापुराकडं ऊसपट्टा असल्यामुळं हे मुद्दाम सांगते, रानात फवारायच्या औषधाचे डबे कितीही धुतले तरी कुंडीला किंवा पाण्याला वापरू नका. प्लास्टिक वितळवणं, जाळणं हे तर घरात नाहीच. पीव्हीसी तापलं की त्यातनं ॲसिडचा धूर निघतो, डोळे आणि घसा दोन्ही जातात. बाटलीला रॉकेलमधी भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवायचा आणि काच कापायची असं दाखवणारे व्हिडिओ आहेत, ते नवीन माणसानं अजिबात करू नये. काच कापल्याशिवाय पण बाटलीचं भरपूर काही होतं.

हत्यारं थोडीच, पण चांगली

दोन कात्र्या लागतात, एक कापडाची एक कागदाची, आणि त्या अदलाबदल करायच्या नाहीत कारण कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धार जाते. एक दाभण, एक मोठी सुई, जाड दोरा, मोजपट्टी, पॉलिश पेपर 80, 120 आणि 220 नंबरचा. चिकटवायला पांढरा फेविकॉल कागद, कापड आणि लाकडाला चालतो, पण साधा फेविकॉल पाण्यात सुटतो, पाणी लागणार असेल तर मरीन घ्या. काच, पत्रा, कडक प्लास्टिक यांना अरल्डाइटसारखं दोन ट्यूबचं मिक्स करून लावायचं. चामड्याला चप्पलवाले वापरतात ते सोल्युशन. ग्लू गनचं चिकटवलेलं आपल्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवलं की सुटतं, म्हणून मी ती फार वापरत नाही.

धुणं हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि अर्धी कामं तिथंच बिघडतात. दुधाची पिशवी फोडतानाच कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लटकता ठेवा, नाहीतर ते बारके तुकडे गटारात जातात. पिशवी आतनं-बाहेरनं धुवायची, साबणाच्या पाण्यात बुडवायची, उलटी करून दोरीवर वाळवायची. थोडं जरी दूध राहिलं तरी आठ दिवसांनी पूर्ण पोतं वास मारतंय. बाटलीचं लेबल गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवलं की निघतं, वर राहिलेला चिकटा खोबरेल तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळला की जातो.

पहिली वस्तू: वेणीचं पायपुसणं

माल कुठलाही असू द्या, पहिली वस्तू मी सगळ्यांना हीच करायला लावते कारण शिलाई मशीन लागत नाही, बिघडलं तर उसवून परत करता येतं आणि उद्यापासून बाथरूमच्या दारात वापरता येतं.

कापड सुती घ्या. जुन्या बेडशीट, परकर, सुती साड्या, बनियन चालतात. जॉर्जेट, नायलॉनच्या साड्या पाणी पीत नाहीत, त्या पिशव्यांसाठी बाजूला ठेवा. कापडाला कडेला बारीक कात मारून हातानं टराटरा फाडा, कात्रीनं कापत बसू नका, फाडलेली पट्टी सुताच्या रेषेत सरळ येते आणि वेळ पण वाचतो. पट्टी दोन बोटं रुंद. टी-शर्ट असेल तर काखेखालचा भाग आडवा एक इंचाच्या पट्ट्यांत कापा आणि दोन्ही हातांनी ओढा, कडा आपोआप आत वळून दोरी तयार होते, हे बघायला फार छान वाटतं.

पट्टीला पट्टी जोडताना गाठ मारू नका, पायाला टोचते. दोन्ही टोकांना काजासारखी चीर पाडायची, जुन्या पट्टीचं टोक नवीच्या चिरेतनं ओवायचं, मग नवीचं दुसरं टोक जुनीच्या चिरेतनं काढून ओढून घ्यायचं. तीन पट्ट्यांच्या वेणीत तिघींची लांबी वेगवेगळी ठेवा म्हणजे तिन्ही जोड एकाच जागी येणार नाहीत, आले तर तिथं गठ्ठा होतो.

दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद पायपुसण्याला पाऊण इंच रुंदीची वेणी साधारण 12-13 मीटर लागते. ऐकायला जास्त वाटतंय पण संध्याकाळी गप्पा मारत, टीव्ही बघत चार-पाच दिवसांत होते. मग अंडाकृती गुंडाळायची. मधली सरळ ओळ किती घ्यायची याचा हिशेब सोपा आहे, लांबीतनं रुंदी वजा करा, 24 इंचातनं 18 गेले, म्हणजे मधली ओळ 6 इंच. तिच्याभोवती वेणी फिरवत दाभणानं कडेला कड शिवत जायचं. हे काम मांडीवर घेऊन करू नका, फरशीवर सपाट ठेवूनच करा. वळणावर वेणी थोडी सैल सोडा, ओढू नका. मध्येच पायपुसणं वाटीसारखं वर यायला लागलं तर समजा वळणावर ओढताय, कडेला लाटा यायला लागल्या तर जास्त सैल सोडताय, लगेच दोन फेऱ्या उसवा. पुढं सरळ होईल असं म्हणून शिवत गेलात तर ते कधीच सरळ होत नाही, माझी पहिली दोन अशीच गेली.

घरचं कापड संपलं तर गल्लीतल्या टेलरला सांगून ठेवा, रोजच्या कातरणाची पिशवी ते आनंदानं देतात. इचलकरंजीत कोण पाहुणे असतील तर यंत्रमागावर पडणारं वाया सूत किलोवर मिळतं का विचारा.

कागदाची पाटी

हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते. पूर्वी घरोघरी बायका रद्दीचा लगदा करून पाट्या, टोपल्या करायच्या आणि त्यात मेथ्या वाटून घालायच्या. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो आणि कडूपणामुळं कीड लागत नाही. बाजारातला गोंद न घेता, स्वयंपाकघरातल्या डब्यातनं काढून केलेलं हे काम आहे, आणि नीट केलेली पाटी सहज दहा वर्षं टिकते.

एक किलो वर्तमानपत्रं घ्या. मासिकाचे चकचकीत कागद घेऊ नका, ते मोडत नाहीत. कागद बोटाएवढे तुकडे करून बादलीत दोन दिवस भिजत घाला, मध्ये एकदा पाणी बदला. दुसऱ्या बाजूला पाव किलो मेथ्या रात्रभर भिजवून सकाळी गंधासारख्या वाटून घ्या. कागद मूठमूठ पिळून खलबत्त्यात कुटा किंवा जुन्या मिक्सरला भरपूर पाणी घालून फिरवा, खायचं वाटता त्या मिक्सरला नको, शाई असते. सगळं एकत्र करून भाकरीच्या पिठासारखं मळायचं, आणि मळायला आळस करू नका, अर्धा तास तरी. गोळा थापून बघा, कडेला चिरा पडल्या तर अजून मळा किंवा थोडी मेथी वाढवा.

आता साचा. स्टीलची पाटी किंवा घमेलं पालथं घाला, त्यावर तेल लावलेलं जुनं सुती फडकं घट्ट बसवा. लगदा मधनं थापायला सुरू करून खाली कडेकडं न्यायचा, जाडी अर्ध्या बोटाएवढी, आणि कड थोडी जाड ठेवायची कारण धरताना सगळा जोर कडेवर येतो. हात पाण्यात बुडवून वरनं गुळगुळीत करून घ्या.

वाळवण्यातच खरी कसोटी आहे. पहिला दिवस सावलीत ठेवा. लगेच कडक उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी आकसतो, आत ओलं राहतं आणि चिरा पडतात. दुसऱ्या दिवशी हाताला अर्धवट कडक लागली की फडक्यासकट साच्यावरनं सोडवा, पूर्ण वाळल्यावर ती साच्याला आवळून बसते आणि मग निघता निघत नाही. नंतर उन्हात तीन-चार दिवस, रोज उलटसुलट करून. बोटानं वाजवून बघा, टणटण आवाज आला की झाली, भदभद आला तर आत अजून ओल आहे. बारीक चिरा असतील तर लगद्याची पातळ पेस्ट भरा, पॉलिश पेपर मारा, गेरूत थोडा फेविकॉल घालून दोन हात द्या, वर पांढऱ्या रंगानं नक्षी काढा.

आणि हे कोल्हापुरात दिवाळीनंतर ते मे पर्यंतच करायचं. मी एकदा जुलैत उत्साहानं तीन पाट्या केल्या, इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, पाचव्या दिवशी तिन्हींवर हिरवी बुरशी होती आणि आठवडाभराचं काम गेलं, त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं. आता पावसाळ्यात फक्त कापडाचं आणि विणायचं काम करते.

पाटीत कांदे, लसूण, शेंगा, लोकरीचे गुंडे, चाव्या असलं ठेवा. चपाती भाकरी थेट ठेवू नका, वर्तमानपत्राची शाई खाण्याला लागू नये म्हणून एफएसएसएआय या सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनं पण पेपरात खाणं बांधू नका म्हणून सांगितलेलं आहे.

दुधाच्या पिशव्या

पिशवीच्या वरची आणि खालची शिवण कापून टाकली की नळी राहते. ती आडवी एक-एक इंचावर कापा, अर्ध्या लिटरच्या पिशवीतनं पाच-सहा कड्या निघतात. कडीत कडी अडकवून ओढली की लांब दोर होतो, रबरबँड एकमेकांत अडकवतो तसंच. जाड सुईनं क्रोशा येत असेल तर बाजाराची पिशवी, नसेल तर तीच वेणी आणि तेच पायपुसणं, फक्त हे अंगणात, बेसिनखाली, गाडीत घालायला, कारण पाणी पीत नाही पण एकदा नळाखाली धरलं की स्वच्छ. गोकुळ दुधाच्या पिशव्यांवरची छपाई वेणीत आली की ठिपक्या ठिपक्यांची छान दिसते, मुद्दाम रंग द्यायची गरज पडत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिशव्या साठल्याशिवाय सुरू करू नका, मध्येच माल संपला की काम पडून राहतं.

चामडं, फरशी आणि उद्यमनगर

हात बसल्यावर कोल्हापुरात राहायचा खरा फायदा घ्या. सुभाषनगर, जवाहरनगर भागात चप्पल करणारी घरं आहेत, कापून उरलेले चामड्याचे तुकडे तिथं पडलेले असतात. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचं चामडं बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्यावर कमावलेलं असतं, त्यामुळं तुकडासुद्धा जाड, कडक आणि हातात धरायला सुंदर. जाऊन नीट विचारा, मामा थोडं उरलेलं कातडं मिळंल काय शिकायला, आणि देतील त्याचे पैसे द्या. शक्य झालं तर तासभर बसून त्यांचा हात बघा, रापी म्हणजे चामडं कापायचं हत्यार कसं धरतात, आरीनं भोक कसं पाडतात, वादी म्हणजे चामड्याची बारीक पट्टी कशी ओवतात. हे तासभर बघणं कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतं. आपण घरी सुरवातीला चावीची पट्टी, वहीचा बंद, कापडी पिशवीचे धरायचे पट्टे एवढंच करायचं. चामडं ओल्या फडक्यानं थोडं नरम करून, लाकडावर ठेवून धारदार ब्लेडनं एकाच ओढीत कापायचं, भोकं आधी पेननं मोजून मग आरीनं. शेवटी खोबरेल तेलाचा हात. पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवू नका.

फुटक्या फरशा आणि वाढलेल्या बांगड्या यांची कुंडी करायची असेल तर फरशी पोत्यात गुंडाळून हातोडीनं फोडा आणि डोळ्यावर चष्मा पाहिजेच. मातीची कुंडी आधी पाण्यात भिजवा, टाइल ॲडेसिव्हनं तुकडे दोन-तीन मिलिमीटर अंतर सोडून बसवा, एक दिवस थांबा, मग मधल्या फटीत ग्राउट (फटी भरायचा मसाला) भरून ओल्या स्पंजनं पुसा. या कामाची मोठी कल्पना यायला चंदीगडचं रॉक गार्डन बघावं. नेकचंद नावाचे सरकारी रोड इन्स्पेक्टर होते, त्यांनी 1957 पासून कुणाला न सांगता पाडलेल्या घरांचं सामान, फुटकी भांडी, बांगड्या गोळा करून जंगलात पुतळे उभे केले आणि 1976 ला ती बाग लोकांना खुली झाली. तिथल्या पुतळ्यांच्या अंगावरच्या बांगड्या मी जवळून बघितल्यात, एकाच रंगाच्या शेकडो बांगड्या ओळीत लावल्यात म्हणून त्या कापडासारख्या वाटतात. म्हणून रंगांची खिचडी करू नका, एका कुंडीला दोन रंग भरपूर झाले.

लोखंडाचं काम, म्हणजे बेअरिंग, चेन, नटबोल्ट यांचे प्राणी, दिवे वगैरे, त्यासाठी कोल्हापुरातलं कारखान्यांचं उद्यमनगर आहेच. वेल्डिंग स्वतः करायला जाऊ नका. घरी फरशीवर खडूनं आकृती काढून तुकडे मांडा, फोटो काढा, तुकड्यांना नंबर द्या आणि फॅब्रिकेशनवाल्याकडं घेऊन जा. आधी ग्रीस सोड्याच्या गरम पाण्यानं काढा, जोडून झालं की गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतनं पॅकिंगच्या लाकडी पॅलेट मिळाल्या तर त्यावरचा शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता देऊन तयार केलेलं, ते घरात चालतं, एमबी असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं धुरी दिलेलं, ते घेऊ नका. टायरच्या कुंड्या करणाऱ्यांनी खालनं भोकं पाडलीच पाहिजेत, टायरच्या आत पाणी साठून डेंग्यूचे डास होतात.

विकायचं म्हटलं तर

दहा वस्तू घरात वापरून झाल्याशिवाय विकू नका. पायपुसणं दहा वेळा धुवून बघा, पाटी एक पावसाळा काढू द्या, मग लोकांना द्या. किंमत लावताना कचऱ्यातनं केलंय म्हणून स्वस्त असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, लागलेले तास लिहून ठेवा आणि तुमच्या भागात शिवणकामाला तासाला जे मिळतं ते धरा, त्यात दोरा, रंग, रिक्षाचा खर्च मिळवा. बचत गटातल्या बायकांना मी हे दरवेळी सांगते, कारण स्वतःचे तास फुकट धरायची सवय आपल्याला फार आहे.

एवढं सगळं करून पण बारीक कातरण उरतंच, बोटाएवढ्या चिंध्या, दोऱ्याची टोकं, टी-शर्टच्या शिवणी. त्याला वेगळं पोतं ठेवा, चामड्याचे आणि प्लास्टिकचे तुकडे त्यात जाऊ देऊ नका. आमच्याकडं वर्षभरात ते पोतं भरतं, मग जुन्या चादरीची खोळ शिवायची आणि कातरण ठासून भरायचं, चांगला दणकट तक्क्या होतो. भरताना कोपऱ्यांपासून सुरू करा, नाहीतर कोपरे पोकळ राहतात.